प्रश्नकर्त्याचा प्रमाद : दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषांतील वादग्रस्त पराभव

१

प्रश्नमंजूषेत स्पर्धकाचा पराभव दोन कारणांनी होतो, असे सामान्यतः समजले जाते. त्यास उत्तर ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही ऐनवेळी ते आठवत नाही. या दोन्ही प्रकारांत दोष स्पर्धकाचा किंवा त्याच्या दैवाचा असतो आणि तो पराभव न्याय्य म्हणून सर्वांना मान्य होतो. परंतु दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषांच्या इतिहासाकडे पाहिले असता याखेरीज आणखी दोन प्रकारचे पराभव दृष्टीस पडतात. एक, आयोजकांनी आधी ठरवून घडवून आणलेला पराभव. आणि दुसरा, स्पर्धकाच्या अज्ञानाऐवजी प्रश्नाच्या सदोष शब्दरचनेतून उद्भवलेला पराभव. पहिल्याच्या मुळाशी कपट असते, दुसऱ्याच्या मुळाशी प्रमाद असतो.

कपटाचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. अमेरिकेतील १९५०–६० या दशकातील प्रश्नमंजूषा-प्रकरणावर चौकशी झाली, कायदा झाला, ग्रंथ लिहिले गेले आणि १९९४ साली रॉबर्ट रेडफर्ड यांनी चित्रपटही काढला. प्रमादाचा इतिहास मात्र स्फुट प्रसंगांच्या रूपाने विखुरलेला राहिला आहे. त्याकडे गमतीदार किस्से म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः हे दोन्ही इतिहास एकमेकांशी निगडित आहेत. कपटाच्या निवारणासाठी जी व्यवस्था उभी राहिली तिने पराभव प्रामाणिक केला. पण प्रश्नकर्त्याच्या चुकीचा भार कोणी सोसावयाचा, हा प्रश्न तिने अनिर्णित ठेवला. तो पुढे खाजगी करारावर आणि निर्मात्याच्या मर्जीवर सोपविला गेला. हे कसे घडले आणि त्याचे परिणाम काय झाले, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

२

मोठ्या बक्षिसांच्या प्रश्नमंजूषांचा उदय अमेरिकेत एका न्यायनिर्णयानंतर झाला. नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांवरील बक्षिसांचे कार्यक्रम म्हणजे लॉटरीच होय, असा तेथील दळणवळण आयोगाचा पक्ष होता. १९५४ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. त्यानंतर वर्षभरातच, ७ जून १९५५ रोजी, सीबीएस या वाहिनीवर ‘द सिक्स्टीफोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नौसैनिक दलातील रिचर्ड मॅकचेन या कॅप्टनने पाककलेवरील प्रश्नांची उत्तरे देऊन ६४,००० डॉलरांचे पहिले सर्वोच्च बक्षीस मिळविले. कार्यक्रमाचे यश पाहून अनुकरणे निघाली. त्यांपैकी एनबीसीवरील ‘ट्वेंटी-वन’ हा कार्यक्रम सप्टेंबर १९५६ मध्ये सुरू झाला.

‘ट्वेंटी-वन’ची रचना सोपी होती. दोन स्पर्धक दोन बंदिस्त काचेच्या खोल्यांत उभे राहात. प्रश्नांस त्यांच्या काठिण्यानुसार १ ते ११ गुण असत आणि जो आधी २१ गुण मिळवील तो विजयी होई. बरोबरी झाल्यास पुढील डावात प्रत्येक गुणाचे मोल वाढे. कार्यक्रमाचा आरंभीचा प्रयोग प्रामाणिकपणे झाला आणि तो साफ फसला. स्पर्धकांना पुष्कळशा प्रश्नांची उत्तरे आलीच नाहीत. प्रायोजक असलेल्या औषध कंपनीस हे रुचले नाही. निर्माता डॅन एनराइट याने त्यानंतर स्पर्धकांना प्रश्नोत्तरे आगाऊ सांगण्याचा, त्यांनी केव्हा थांबावे, केव्हा घाम पुसावा याची तालीम देण्याचा आणि कोणी केव्हा हरावे हेही ठरविण्याचा मार्ग स्वीकारला.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हर्बर्ट स्टेम्पेल याच्या पराभवाचे होय. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकणारा हा तरुण काही आठवडे विजेता होता. त्याची लोकप्रियता ओसरू लागली तेव्हा कोलंबिया विद्यापीठातील अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन यास त्याच्यासमोर उभे करण्यात आले. ५ डिसेंबर १९५६ च्या प्रसारणात स्टेम्पेलला विचारण्यात आले की १९५५ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे अकादमी पारितोषिक कोणत्या चित्रपटास मिळाले. उत्तर ‘मार्टी’ हे होते आणि ते त्यास पक्के ठाऊक होते; तो त्याचा आवडता चित्रपट होता. तथापि ठरल्याप्रमाणे त्याने ‘ऑन द वॉटरफ्रंट’ हे आदल्या वर्षीच्या चित्रपटाचे नाव घेतले आणि तो हरला. व्हॅन डोरेन पुढे मार्च १९५७ पर्यंत जिंकत राहिला आणि त्याच्या नावावर १,२९,००० डॉलर जमा झाले.

हा पराभव ‘दुर्दैवी’ म्हणून सादर करण्यात आला होता. अनेक आठवडे जिंकलेला स्पर्धक इतक्या सोप्या प्रश्नावर चुकतो, हे प्रेक्षकांना हळहळ वाटावयास लावणारे होते. दुर्दैवाचा हा देखावाच त्या कार्यक्रमाचा खरा विक्रेय माल होता. प्रामाणिक चूक आणि अभिनीत चूक यांत पडद्यावर काहीही फरक दिसत नाही, हे येथे विशेषकरून ध्यानात घेतले पाहिजे. कारण या प्रकरणाच्या उलगड्यात पुराव्याचा प्रश्न मुख्य ठरला तो याच कारणाने.

स्टेम्पेलने १९५७ सालीच आपली हकीकत वृत्तपत्रांना सांगितली होती. तथापि तिला दुजोरा देणारा दुसरा पुरावा नव्हता आणि पराभूत स्पर्धकाची असूया म्हणून तिची वासलात लावणे सोपे होते. अब्रुनुकसानीच्या भीतीने वृत्तपत्रांनी ती छापली नाही. १९५८ च्या मे महिन्यात ‘डॉटो’ नावाच्या दुसऱ्या कार्यक्रमात आपली पाळी येण्याची वाट पाहात बसलेल्या एका स्पर्धकाच्या हाती अन्य स्पर्धकाची वही पडली आणि तीत त्या दिवशीची उत्तरे लिहिलेली आढळली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कार्यक्रम बंद झाला आणि स्टेम्पेलच्या कथनास प्रथमच वजन आले. परंतु निर्णायक पुरावा आला तो जेम्स स्नॉडग्रास या चित्रकाराकडून. ‘ट्वेंटी-वन’मध्ये भाग घेत असताना १९५७ च्या मे महिन्यात त्याने आपल्याला मिळालेली प्रश्नोत्तरे प्रसारणापूर्वीच लिहून ती स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठविली होती. टपाल खात्याच्या शिक्क्यामुळे लेखनाचा काळ निर्विवाद ठरला होता, आणि पाकिटे न उघडलेली राहिल्यामुळे मजकुरात मागाहून फेरफार होण्याचा संभवही नव्हता. समकालीन, दिनांकित आणि अक्षत लेख कसा असावा याचा हा नमुनाच म्हणता येईल. न्यूयॉर्कच्या ग्रँड ज्यूरीपुढे दीडशेच्या आसपास व्यक्तींच्या साक्षी झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य खोट्या होत्या. त्या पार्श्वभूमीवर ही पाकिटे अधिकच मोलाची ठरतात.

३

ग्रँड ज्यूरीचा अहवाल १९५९ साली न्यायाधीशांनी मोहोरबंद करून ठेवला. त्यामुळे प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने ओरेन हॅरिस यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी सुरू केली. २ नोव्हेंबर १९५९ रोजी व्हॅन डोरेनने तिच्यासमोर सर्व कबुली दिली. ग्रँड ज्यूरीपुढे खोटी साक्ष दिल्याचा गुन्हा त्याने आणि इतर काही स्पर्धकांनी १९६२ साली कबूल केला. त्यांच्या शिक्षा स्थगित राहिल्या. एक गोष्ट मात्र चमत्कारिक होती. स्पर्धकांवरील हे खटले खोट्या साक्षीबद्दलचे होते. प्रश्नमंजूषेतील फसवणूक हा तोपर्यंत गुन्हाच नव्हता.

ही उणीव सप्टेंबर १९६० मध्ये दळणवळण कायद्यात दुरुस्ती करून भरून काढण्यात आली. बौद्धिक ज्ञानाची किंवा कौशल्याची खरी स्पर्धा म्हणून जो कार्यक्रम सादर केला जातो, त्यात प्रेक्षकांस फसविण्याच्या हेतूने स्पर्धकास गुप्त साहाय्य करणे, स्पर्धकास आपले ज्ञान न वापरण्यास प्रवृत्त करणे, अथवा निकाल आधी ठरविण्यासाठी युक्ती योजणे ही कृत्ये दंडनीय ठरविण्यात आली. शिक्षा १०,००० डॉलरांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी होती.

या तरतुदीतील कळीचा शब्द ‘हेतू’ हा आहे. कायद्याने संरक्षण दिले ते फसविल्या जाणाऱ्या प्रेक्षकास. चुकीच्या प्रश्नामुळे हरलेल्या स्पर्धकाचा त्यात कोठेही उल्लेख नाही. कारण तेथे फसविण्याचा हेतू नसतो. त्या काळी हे स्वाभाविकच होते. आगाऊ ठरविलेल्या कार्यक्रमात सदोष प्रश्नाने कोणाचे नुकसान होण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. स्पर्धक हरावयाचा तेव्हाच हरत असे. निकाल खरोखर अनिश्चित झाला, तेव्हाच प्रश्नाच्या शब्दाशब्दाला किंमत आली. वादग्रस्त प्रश्न हे अशा रीतीने प्रामाणिक स्पर्धेचेच अपत्य आहे.

४

नव्या विश्वासार्हतेच्या शोधात कार्यक्रमांच्या रचनेतही बदल झाले. मर्व्ह ग्रिफिन यांनी निर्माण केलेला ‘जेपर्डी’ हा कार्यक्रम ३० मार्च १९६४ रोजी एनबीसीवर सुरू झाला. स्पर्धकांना उत्तरे दिल्यामुळे जर गहजब झाला, तर उत्तरेच उघडपणे द्यावीत आणि त्यांच्याकडून प्रश्न मागावेत, ही त्यामागील कल्पना ग्रिफिन यांच्या पत्नीची होती. त्या कार्यक्रमात म्हणूनच प्रश्नाऐवजी एक सूचक विधान दाखविले जाते आणि स्पर्धकाने आपले उत्तर प्रश्नरूपाने द्यावयाचे असते.

दुसरा महत्त्वाचा बदल ब्रिटनमध्ये झाला. ४ सप्टेंबर १९९८ रोजी आयटीव्हीवर सुरू झालेल्या ‘हू वॉन्ट्स टु बी अ मिलियनेअर’ या कार्यक्रमात प्रश्नाबरोबरच चार पर्याय देण्यात येत आणि स्पर्धकाने ‘हेच अंतिम उत्तर’ असे म्हटल्याखेरीज ते स्वीकारले जात नसे. या दोन नियमांमुळे उत्तराविषयीचा वाद जवळजवळ संपुष्टात आला. स्पर्धक काय म्हणाला, त्याचा उच्चार कोणता होता, त्याने मत बदलले होते काय, असे प्रश्न उरले नाहीत. परिणामी वादाला एकच जागा शिल्लक राहिली, ती म्हणजे खुद्द प्रश्न.

५

या वादांचे स्वरूप समजण्यासाठी याच कार्यक्रमाच्या ब्रिटिश व अमेरिकन आवृत्त्यांतील तीन प्रसंग एकत्र पाहणे उपयुक्त होईल.

पहिला प्रसंग ब्रिटनमधील, १९९९ सालचा. टेनिसचा एक सेट जिंकण्यासाठी खेळाडूस तत्त्वतः कमीत कमी किती फटके मारावे लागतील, असा प्रश्न होता. स्पर्धकाने २४ हे उत्तर दिले आणि ते बरोबर ठरविण्यात आले. सहा गेम, प्रत्येकात चार गुण, असा हा हिशेब होता. परंतु तो चुकीचा आहे. सहांपैकी तीन गेममध्ये सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याची असते आणि त्याने प्रत्येक गुणावर डबल फॉल्ट केल्यास खेळाडूस एकही फटका न मारता ते तीन गेम मिळतात. उरलेल्या तीन गेममध्ये चार-चार बिनतोड सर्व्हिस केल्यास एकूण फटके १२ होतात. चूक प्रेक्षकांच्या लक्षात आली. प्रश्नकर्त्यांनी ती मान्य केली, परंतु स्पर्धकाचे बक्षीस परत घेतले नाही.

दुसरा प्रसंग अमेरिकन आवृत्तीतील, २००० सालचा. समुद्रसपाटीपासून सर्वांत अधिक उंचीवर असलेली राजधानी कोणती, असा प्रश्न होता आणि मेक्सिको सिटी, क्विटो, बोगोटा व काठमांडू हे चार पर्याय होते. स्पर्धकाने काठमांडू म्हटले. अपेक्षित उत्तर क्विटो होते. दिलेल्या चारांत क्विटो, सुमारे २,८५० मीटर, हेच सर्वांत उंच आहे, यात शंका नाही. काठमांडूची उंची त्याच्या निम्मीच, सुमारे १,४०० मीटर आहे. पण बोलिव्हियातील ला पाझ सुमारे ३,६०० मीटरांवर आहे आणि ते पर्यायांत नव्हते. बोलिव्हियाची घटनात्मक राजधानी सुक्रे असून शासनाचे ठाणे ला पाझ येथे आहे. तेव्हा ‘राजधानी’ या शब्दाचा अर्थ घटनेवरून करावयाचा की प्रत्यक्ष सत्तास्थानावरून, यावर प्रश्नाची निर्दोषता अवलंबून राहते. ‘पुढीलपैकी कोणती’ एवढे दोन शब्द घातले असते तर वादच उरला नसता. प्रश्न सदोष असल्यामुळे आपणास पुन्हा संधी मिळावी, अशी मागणी घेऊन स्पर्धक कॅलिफोर्नियातील न्यायालयांत गेला. त्यास यश आले नाही.

तिसरा प्रसंग पुन्हा ब्रिटनमधील, २००६ सालचा. लॉरेन्स लूएलिन-बोवेन हे दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध गृहसजावटकार आणि त्यांच्या पत्नी जॅकी धर्मादाय कार्यासाठी खेळत होते आणि दहा लक्ष पौंडांच्या अखेरच्या प्रश्नापर्यंत पोचले होते. अमेरिकेच्या ब्रीदवाक्याचा लॅटिनमधून अनुवाद काय होतो, असा प्रश्न होता. त्यांनी ‘आमचा ईश्वरावर विश्वास आहे’ हा पर्याय निवडला. अपेक्षित उत्तर ‘अनेकांतून एक’ असे होते. या निर्णयाने त्यांची रक्कम पाच लक्षांवरून ३२,००० पौंडांवर घसरली, म्हणजे ४,६८,००० पौंडांची हानी झाली. ‘अनेकांतून एक’ या अर्थाचे लॅटिन वचन १७८२ पासून अमेरिकेच्या राजमुद्रेवर आहे. परंतु १९५६ साली कायद्याने राष्ट्रीय ब्रीदवाक्य म्हणून जे स्वीकारले गेले ते ईश्वरविश्वासाचे इंग्रजी वाक्य होय. अधिकृत ब्रीदवाक्य विचारले असेल तर ते लॅटिन नाही. आणि लॅटिन वचन विचारले असेल तर ते अधिकृत ब्रीदवाक्य नाही. निर्मात्यांनी प्रश्नातील संदिग्धता मान्य केली, दांपत्यास परत बोलाविले, त्यांची रक्कम पूर्ववत केली आणि नवा प्रश्न विचारला. पाच लक्ष पौंड घेऊन त्यांनी खेळ थांबविला.

या तीन प्रसंगांची तुलना उद्बोधक आहे. पहिल्यात चूक स्पर्धकाच्या पथ्यावर पडली आणि ती तशीच राहू देण्यात आली. तिसऱ्यात चूक मान्य होऊन नुकसान भरून निघाले. दुसऱ्यात नुकसान स्पर्धकाच्या पदरी राहिले. या भिन्नतेचे कारण काही अंशी प्रश्नांच्या दोषांतील तारतम्यात आहे. काठमांडू हे उत्तर कोणत्याही अर्थाने बरोबर ठरत नव्हते. ईश्वरविश्वासाचे वाक्य मात्र एका अर्थाने निश्चितपणे बरोबर होते. परंतु हे तारतम्य पाहण्याचा पहिला अधिकार कोणाकडे होता, याचे उत्तर तिन्ही प्रसंगी एकच आहे. ज्याने प्रश्न काढला तोच त्याचा न्यायाधीश होता. लूएलिन-बोवेन दांपत्यास जे मिळाले ते कार्यक्रमाच्या न्यायबुद्धीने मिळाले. त्यावर त्यांचा कायदेशीर हक्क होता असे म्हणता येत नाही.

याच कार्यक्रमातील चार्ल्स इंग्रॅम याचे प्रकरण याच्या शेजारी ठेवले म्हणजे १९६० सालच्या विभागणीची छाया ब्रिटनमध्येही दिसते. सप्टेंबर २००१ मध्ये त्याने दहा लक्ष पौंड जिंकले. प्रेक्षागारातून खोकल्याच्या खुणेने त्यास मदत झाल्याच्या संशयावरून रक्कम रोखण्यात आली आणि एप्रिल २००३ मध्ये लंडनमधील फौजदारी न्यायालयात तो आणि त्याचे दोन साथीदार दोषी ठरले. कपटाच्या आरोपासाठी ज्यूरी, साक्षी, उलटतपासणी आणि निकालपत्र हे सर्व उपलब्ध झाले. प्रश्नाच्या दोषासाठी यांपैकी काहीही नसते.

६

‘जेपर्डी’मध्ये पर्याय नसतात, त्यामुळे तेथे निर्णायकांचे काम अधिक नाजूक होते. केन जेनिंग्ज याच्या विक्रमाकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. २००४ साली त्याने सलग ७४ सामने जिंकून २५,२०,७०० डॉलर मिळविले. २ जून २००४ रोजी प्रसारित झालेल्या त्याच्या पहिल्याच सामन्यातील अखेरचे सूचक विधान एका ऑलिंपिकमध्ये पाच निरनिराळ्या मैदानी प्रकारांत पदके मिळविणाऱ्या पहिल्या महिलेविषयी होते. अपेक्षित नाव मेरियन जोन्स असे होते. जेनिंग्जने केवळ ‘जोन्स’ एवढे लिहिले. हे आडनाव इंग्रजी भाषिकांत अत्यंत सामान्य आहे. तथापि महिला धावपटूंच्या संदर्भात ते पुरेसे आहे असा निर्णय होऊन उत्तर ग्राह्य धरले गेले. तसे न होते तर तो पहिल्याच दिवशी पराभूत झाला असता आणि पुढील ७३ विजय घडलेच नसते.

या उत्तराची पुढील कथाही इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारात घेण्याजोगी आहे. जोन्स हिने सिडनी येथे २००० साली मिळविलेली पाचही पदके उत्तेजक द्रव्यांच्या कबुलीनंतर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने डिसेंबर २००७ मध्ये काढून घेतली. म्हणजे २००४ साली निर्विवाद असलेले विधान अधिकृत नोंदीच्या दृष्टीने साडेतीन वर्षांत रद्द झाले. यावरून जेनिंग्जचा विजय सदोष ठरत नाही. उत्तराची सत्यता ही प्रश्न विचारल्या दिवशीच्या ज्ञानावरून ठरविली पाहिजे. परंतु ‘बरोबर उत्तर’ या कल्पनेस दिनांक चिकटलेला असतो, हे मात्र यावरून स्पष्ट होते.

जेनिंग्जचा पराभव ३० नोव्हेंबर २००४ रोजी झाला. सत्तर हजार हंगामी कर्मचारी असलेली आणि त्यांना वर्षातून चारच महिने काम देणारी कंपनी कोणती, असे ते सूचक विधान होते. उत्तर प्राप्तिकराची विवरणपत्रे भरून देणारी ‘एच अँड आर ब्लॉक’ ही कंपनी. जेनिंग्जने ‘फेडेक्स’ लिहिले. त्याच्याकडे ८,७९९ डॉलर उरले. प्रतिस्पर्धी नॅन्सी झर्ग हिने १४,४०१ डॉलर करून त्यास हरविले. या प्रश्नात कोणताही दोष नव्हता आणि जेनिंग्जने कधी तक्रारही केली नाही. निर्मळ दुर्दैव म्हणावे ते हेच. स्टेम्पेलच्या अभिनीत दुर्दैवाशी त्याची तुलना केली असता अठ्ठेचाळीस वर्षांत या खेळाने काय कमावले ते दिसून येते. येथे हरणाऱ्याचा पराभव त्याचा स्वतःचा होता.

मात्र फेरविचाराची पद्धत नेहमीच स्पर्धकास तारक ठरत नाही. १ जानेवारी २०१८ रोजी प्रसारित झालेल्या सामन्यात एका गीताच्या व मिल्टनच्या महाकाव्याच्या नावांची सांगड घालावयाची होती. गीताच्या नावातील ‘गँगस्टा’ हा शब्द स्पर्धकाने ‘गँगस्टर’ असा उच्चारला. उत्तर प्रथम ग्राह्य धरण्यात आले. पण नंतर दोन्ही शब्दांच्या कोशात स्वतंत्र नोंदी आहेत या आधारावर ते फिरविले गेले आणि ३,२०० डॉलर वजा झाले. येथे कोशाचे प्रामाण्य मानले गेले, लोकोच्चाराचे नव्हे. दोन्हींपैकी एक प्रमाण मानणे भागच होते. परंतु कोणते मानावयाचे हे सामन्याच्या मध्यावर ठरले.

७

सदोष प्रश्नांपैकी काहींच्या मागे घाई किंवा गणिती चूक असते. परंतु काही प्रश्न असे असतात की त्यांचे एकच उत्तर असणे शक्यच नसते. १० जानेवारी २०२० रोजी ‘जेपर्डी’मध्ये चौथ्या शतकात बांधलेल्या ख्रिस्तजन्माच्या चर्चचे स्थान ओळखावयाचे होते. एका स्पर्धक महिलेने पॅलेस्टाइन म्हटले. ते चूक ठरविण्यात आले. दुसऱ्या स्पर्धकाने इस्रायल म्हटले. ते बरोबर ठरविण्यात आले. हे चर्च बेथलेहेम येथे आहे आणि बेथलेहेम हे पश्चिम तीरावरील शहर आहे. प्रसारणानंतर मोठा गदारोळ झाला. निर्मात्यांनी खुलासा केला की विधान सदोष असल्याचे चित्रणाच्या वेळीच ध्यानात आले होते, ते रद्द करून दोघांचे गुण पूर्ववत केले होते आणि दुसरे विधान दिले होते. संपादनातील मानवी चुकीमुळे मूळ भाग प्रसारित झाला.

या प्रकरणातील महत्त्वाची बाब अशी की, बाद करण्याचा निर्णय घेताना निर्मात्यांनी पॅलेस्टाइन किंवा इस्रायल यांपैकी एकाची बाजू घेतली नाही. ग्राह्य उत्तर ठरविणेच अडचणीचे आहे असे त्यांनी म्हटले. प्रश्नमंजूषेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. परंतु त्यामागे एक मोठे तत्त्व दडलेले आहे. प्रश्नमंजूषा एका गृहीतावर उभी असते. ते असे की, जगाविषयीची माहिती लहान, अविवाद्य आणि एकमेकींपासून सुट्या तथ्यांच्या रूपाने उपलब्ध आहे. राजधानी, ब्रीदवाक्य, एखाद्या शहराचे राष्ट्र ही सर्व तथ्ये अशीच भासतात. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येक एका निर्णयाचे फलित असते. बोलिव्हियाची घटना, १९५६ सालचा अमेरिकन कायदा, ऑलिंपिक समितीचा ठराव, पश्चिम तीराविषयीचा न सुटलेला वाद, यांपैकी काहीतरी त्या तथ्याच्या पाठीशी उभे असते. प्रश्नकर्ता हे मागील दस्तऐवज झाकून केवळ शेवटचा शब्द मागतो. तो शब्द वादग्रस्त ठरला की झाकलेले सर्व एकदम वर येते.

८

भारतात ‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाले. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती ठरले. त्यांचा अखेरचा प्रश्न संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटनेने दिलेल्या पदाधिकाऱ्याविषयी होता आणि उत्तर महान्यायवादी असे होते. घटनेच्या ८८ व्या अनुच्छेदानुसार हा अधिकार मंत्र्यांनाही आहे. म्हणून हाच प्रश्न पर्यायांविना विचारला असता तर तो अपुरा ठरला असता. पर्यायांच्या चौकटीत तो निर्दोष होता. क्विटोच्या प्रश्नात जी मर्यादा शब्दांत यावयास हवी होती ती येथे नीट सांभाळली गेली होती.

शब्दयोजनेचा दोष उत्तराला धक्का न लावताही वाद निर्माण करू शकतो, हे नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्राने अनुभविले. औरंगजेबाचा समकालीन शासक कोणता, या प्रश्नाच्या पर्यायांत इतरांच्या नावांमागे महाराणा, महाराजा अशा पदव्या असताना छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव केवळ एकेरी देण्यात आले होते. उत्तराविषयी कोणाचाही मतभेद नव्हता. तरीही वाहिनीस आणि सूत्रसंचालक अमिताभ बच्चन यांना क्षमायाचना करावी लागली. ‘कोण होणार करोडपती’सारख्या मराठी आवृत्त्यांत तर प्रश्नकर्त्यावर दुहेरी जबाबदारी येते, कारण राजधानी, ब्रीदवाक्य, पद, देश यांसारखे शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना त्यांच्या अर्थाच्या कडा सरकतात.

९

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. १९५९ च्या चौकशीने आणि १९६० च्या कायद्याने प्रश्नमंजूषेतील पराभवास प्रामाणिकपणा प्राप्त करून दिला, हे श्रेय निःसंशय मोठे आहे. परंतु त्या व्यवस्थेने अन्यायाचे मोजमाप आयोजकाच्या हेतूवरून केले. स्पर्धकाच्या दृष्टीने पाहता हेतूचा प्रश्न दुय्यम असतो. मुद्दाम हरविलेला आणि चुकीच्या प्रश्नाने हरलेला, दोघांचाही पराभव त्यांच्या ज्ञानाशी असंबद्ध असतो. पहिल्यासाठी फौजदारी कायदा आहे. दुसऱ्यासाठी केवळ आयोजकाची न्यायबुद्धी आहे.

ही न्यायबुद्धी पुष्कळदा जागरूक असल्याचे दिसते. सामना चालू असताना निर्णय फिरविणे, विधान बाद करणे, स्पर्धकास परत बोलाविणे, हे उपाय कायद्याच्या सक्तीविना रूढ झाले आहेत आणि त्यांचा उगम १९५०–६० च्या दशकात गमावलेला विश्वास परत मिळविण्याच्या गरजेत आहे. तथापि त्यांत एक मूलभूत मर्यादा आहे. खेळात एका निर्णयावर पुढील सर्व निर्णय अवलंबून असतात. पैज किती लावावी, धोका पत्करावा की थांबावे, हे त्या त्या क्षणीच्या गुणसंख्येवरून ठरते. म्हणून बाद केलेल्या प्रश्नाचे गुण परत देता येतात; त्या प्रश्नामुळे न घडलेला सामना परत देता येत नाही. ‘जोन्स’ हे उत्तर त्या दिवशी अग्राह्य ठरते आणि दुसऱ्या दिवशी कोणी त्याबद्दल क्षमा मागते, तर त्या क्षमेने ७४ विजय उभे राहिले नसते.

यावरून उपाय निकालानंतर शोधण्यापेक्षा प्रश्नाच्या घडणीत शोधणे अधिक श्रेयस्कर, हे उघड आहे. प्रश्नात मर्यादा घालणारा शब्द असावा, तथ्यामागील दस्तऐवज कोणता हे आधी निश्चित केलेले असावे, आणि जेथे ते निश्चित होत नाही तेथे तो प्रश्न विचारूच नये. इतिहासाच्या परीक्षकासही हे तीन नियम तितकेच लागू पडतात. उत्तरपत्रिकेतील एक गुण आणि काचेच्या खोलीतील लाखो डॉलर यांत रकमेचे अंतर कितीही असो, आपल्या शब्दाच्या चुकीचा दंड दुसऱ्याने भरावा की काय, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी तोच राहतो.